पाचव्या दिवशीचा टँकर

टँकर यायचा तो शुक्रवारी. त्यामुळे मंगळवारी सकाळी तो प्लॉटिंगच्या कच्च्या रस्त्यावरून धुरळा उडवत आला तेव्हा बानाबाईला वाटलं, ड्रायव्हर रस्ता चुकला असणार. हंडाभर पाण्यासाठी टँकरवाल्याच्या शेडवर दहा चकरा मारायला लागायच्या असा तो उन्हाळा. न मागता आलेल्या पाण्याकडे माणूस आधी संशयाने बघतो, आणि मग भांडी घेऊन धावतो. बानाबाईनेही तेच केलं.

पावसाने दगा दिल्याचं हे तिसरं वर्ष होतं. पाचोडजवळच्या गावात मेंढरांना चारायला कुसळही उरलं नाही तेव्हा बानाबाई, तिचा नवरा मल्हारी आणि बारावी झालेली एकोणीस वर्षांची लेक अक्षदा पैठण रोडने वर सरकत सरकत शहराच्या कडेला येऊन थांबली. शंभरावर मेंढरं निघाली होती, चाळीस पोचली. इथे शहर रोज पाऊल पाऊल पुढे येत होतं. काल जिथे ज्वारीचं रान होतं तिथे आज सिमेंटचे खांब, चुन्याच्या रेघा आणि कमानीवर कसल्याशा नगराचं नाव. ते सगळे प्लॉट कारभारी शेठचे. त्या भागात धावणारे पाण्याचे टँकरही त्याचेच. त्याने कोपऱ्यातली पत्र्याची खोली मल्हारीला राहायला दिली होती. मेंढरं रिकाम्या प्लॉटांतलं गवत साफ करत, कुत्री राखण करत, आणि शेठ येता-जाता लोकांना सांगे की गरिबाला आसरा दिलाय. फुकटच्या राखणदारालाच उपकाराखाली ठेवायचं, ही कला शेठला चांगली साधली होती.

टँकरच्या ड्रायव्हरचं नाव कडुबा. एरवी दोन पिंपं भरली की पाइप ओढून घेणारा हा माणूस आज चारही पिंपं काठोकाठ भरून, वर घमेली आणि पातेली भरत होता. आणि बानाबाईकडे बघत नव्हता.

"मावशी, शेठनं सांगितलंय, आज धुणं-बिणं समदं उरकून घ्या. वाकळा, घोंगड्या, काय असंल ते. कमी पडलं तर दुपारी आणिक एक खेप टाकतो."

"एकाएकी एवढी माया?"

कडुबाने पाइप गुंडाळला. जाता जाता, पाठमोराच, म्हणाला, "पोरीलाबी डोक्यावरून न्हाऊ घाला म्हणले शेठ."

टँकर गेला. बानाबाई हातात रिकामी कळशी धरून तशीच उभी राहिली. एवढं ऊन असताना तिच्या अंगावर काटा आला. माझ्या पोरीने आंघोळ केली नाही, हे त्या माणसाला कोणी सांगितलं?

खरं तर तिला दोन दिवसांपासूनच काहीतरी खुपत होतं. शुक्रवारीही चारातली दोनच पिंपं भरली होती, म्हणून रविवारी दुपारी अक्षदा शेठच्या शेडवर राहिलेलं पाणी मागायला गेली. ती उन्हं कलताना परतली. कोणाशी बोलली नाही. अंगावरचे कपडे बदलून तिने ते खोलीच्या कोपऱ्यात पेंडीच्या पोत्यामागे कोंबले आणि तोंड फिरवून पडून राहिली. शेडवर कोणाशी तरी भांडली असेल, असं बानाबाईने धरलं. पाण्यावरून रोजच कोणी ना कोणी भांडत होतं.

आणि काल, सोमवारी, खंडेराव आला. हा मल्हारीचा थोरला चुलतभाऊ, त्यांच्या लोकांतला पंच. चहा न घेता त्याने कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा काढला आणि मल्हारीच्या तळहातावर ठेवला.

मेंढक्यांच्या घरात भंडारा उचलणं म्हणजे काय, हे ज्याने उचलला त्यालाच कळतं. सोयरिकी त्यावर जुळतात, विहिरीचे तंटे त्यावर मिटतात. कागद फाटतो, साक्षीदार मरतो, पण देवाची ती पिवळी हळद हातात घेऊन दिलेला शब्द माणूस मरेपर्यंत वागवतो. मोडला तर कळपावर येतं, घरावर येतं.

"म्हण, जे झालं ते माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाय," खंडेराव म्हणाला.

"काय झालं?"

"तुझ्या पोरीनं पाण्यावरून शेठच्या पुतण्याला तोंड केलं. किरकोळ हाय. पण पाणी त्याचं, जागा त्याची. झाकली मूठ सव्वालाखाची. म्हण."

आणि मल्हारीने म्हटलं. थोरल्या भावाने देवाचं नाव पुढे केल्यावर उलटं विचारायचं नसतं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. पत्र्याच्या दारामागे, पाच पावलांवर पोरगी पडून होती. तिला विचारून यावं, एवढं काही त्याला सुचलं नाही. या चुकीवर कोणी शहरातला माणूस हसेल. त्याला भंडारा ठाऊक नाही.

बानाबाई कळशी टाकून खोलीकडे वळली तर अक्षदा दारातच होती. दोन दिवस धड न जेवलेली पोर, एका हातात बादली, दुसऱ्या हातात साबणाची वडी.

"माय, मला आंघोळ करायची."

"थांब जरा."

"मला आत्ताच करायची." तिचा आवाज फाटला. "दोन दिस वाट बघतेय मी पाण्याची. सरक."

बानाबाईने तिचं मनगट धरलं तशी ती चटका बसल्यासारखी मागे झाली. त्या एका झटक्यात आईला जे कळायचं ते कळलं. तिने दार लोटून घेतलं आणि पोरीच्या समोर जमिनीवर बसली. 

"सोमनाथ," अक्षदा शेवटी म्हणाली. शेठचा पुतण्या. "शेडमधी दुसरं कोणी नव्हतं. त्यानं दार लावलं."

एवढंच ती बोलली. एवढंच पुरेसं होतं. बानाबाईला आधी रडू आलं नाही, राग आला, आणि तो सोमनाथच्याही आधी स्वतःचा आला. दोन दिवस पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि ही आई मेंढरांना खाणीतलं गढूळ पाणी पाजत फिरत होती. मग तिला टँकर आठवला, कडुबाची पाठ आठवली आणि सगळा डाव उमगला. शेठला धुणं धुवून हवं होतं. पोरगीसुद्धा धुवून हवी होती.

ती शहाणी होती म्हणून हे कळलं, असं नाही. हिवाळ्यात आरोग्य खात्याच्या आशाताईने, म्हणजे सत्यभामाबाईने, इथल्या बायकांना जमवून माहिती सांगितली होती. लसीचं, गोळ्यांचं, आणि शेवटी आवाज खाली करून हेही, की कोणा बाईवर जबरदस्ती झाली तर तिने आधी आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, ते कागदात गुंडाळून ठेवायचे, प्लास्टिकमध्ये नाही. तेव्हा बायका हसल्या होत्या. "बाई, प्यायला पाणी नाय आन् धुणार कुठून?" सगळ्यात मोठ्याने हसली होती ती बानाबाई.

अक्षदाच्या मोबाइलवरून तिने सत्यभामाबाईला फोन लावला. बाईने सगळं ऐकून घेतलं. मग एकेक गोष्ट सावकाश सांगू लागली, पोळ्यांसाठी पीठ किती भिजवायचं ते सांगावं तशी.

"कपडे हायत ना? मग अजून काही बिघडलं नाय. रविवारची दुपार म्हणजे दोनच दिस झाले. आधी ठाण्यात जायला पायजे असंबी नाय, सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात या, मी दारात उभी राहते. तिथं तपासणीला पैसा लागत नाय, पोलीस तिथंच येतात, जबाब बाई अधिकारीच घेते. पण बानाबाई, आधी पोरीला विचारा. तिची मर्जी असंल तरच. जोर करू नका."

बानाबाईने फोन खाली ठेवला आणि विचारलं. असं विचारायची तिला सवय नव्हती, पोरीला काही विचारायचं असतं हेच तिच्या घरात नवीन होतं. अक्षदा बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिली. स्वच्छ, थंड, काठोकाठ भरलेली बादली. तिने साबणाची वडी कोनाड्यात परत ठेवली.

"जाऊ," ती म्हणाली. "पण माय, मला माझीच घाण येती."

"घाण तुझी नाय," बानाबाई म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं.

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. प्लॉटिंगचा वॉचमन पुंडलिक बाभळीच्या सावलीत गाडी लावून बसला होता. बानाबाई बाहेर गेली तर हसून म्हणाला, "शेठनं तुमची सोय बघितली. दुपारी टेम्पो यील. पैठणकडं धरणाच्या कडंला जागा हाय, मेंढरांनाबी पाणी. आजच निघायचं. धुणं झालं का?"

"आत्ता घेते," बानाबाई म्हणाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते तिला त्याच्या तोंडावर दिसलं. हा इथून हलणार नव्हता.

मग तिने असं धुणं काढलं की तसं तीन वर्षांत काढलं नव्हतं. वाकळा, धोतरं, लुगडी, परकर, अक्षदाचे उरलेले सगळे ड्रेस तिने पिंपाजवळच्या दगडावर पुंडलिकच्या नजरेसमोर आपटले. पाणी वाहून चुन्याच्या रेघांवरून पुढे गेलं, तरी तिचा हात थांबला नाही. तारेच्या कुंपणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत कपडे लटकले. पुंडलिकने मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कोणाला तरी पाठवला. खोलीत अक्षदाने कोरडी ओढणी डोक्याला गुंडाळली, न्हाऊन आल्यासारखी, आणि पेंडीच्या पोत्यामागचे ते कपडे जुन्या वर्तमानपत्रात बांधले. पुडकं गेल्या कातरणीच्या लोकरीच्या पोत्यात मधोमध गेलं.

राहिला मल्हारी. तो मेंढरं घेऊन खाणीवरून परतला आणि बानाबाईने त्याला मेंढरांच्या वाड्याशी गाठून सगळं सांगितलं. तो ऐकताना खाली बसला. बराच वेळ त्याने तळहाताकडे बघितलं. कालचा पिवळा डाग अजून रेघांत होता.

"मी शब्द दिलाय," तो म्हणाला. "भंडारा उचललाय, बाने. माझं तोंड बांधलंय."

"कशावर उचलला? ठाऊक होतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तोंड बांधलंच असंल तर राहू द्या बांधलेलं. पाय तर तुमचं मोकळं हायत ना?"

तो जागचा उठला नाही. बानाबाईला त्या घडीला त्याचा इतका संताप आला की वीस वर्षांचा संसार तिथेच टाकून जावं. तिने पोतं डोक्यावर घेतलं, पोरीला पुढे घातलं आणि चालायला लागली.

बाभळीखाली पुंडलिक आडवा आला. "कुठं?"

"छावणीच्या बाजारात. लोकर घालायची."

"आजच?"

"टेम्पोत मेंढरं चढवू का लोकर? तासाभरात येतो."

त्याने पोत्यात हात घातला. बानाबाईच्या डोक्यावरचं ओझं हललं, तिची मान ताठ झाली. अक्षदा जमिनीकडे बघत होती, ओढणीचं टोक मुठीत. पुंडलिकचा हात मनगटापर्यंत गेला, आणखी आत गेला, आणि तो शिवी हासडून मागे झाला. लोकरीतल्या गोखरूचा काटा त्याच्या नखात रुतला होता. बोट चोखत त्याने दोघींना हाताने जा म्हणून खुणावलं.

दोघी पन्नास पावलं गेल्या नसतील. मागे पुंडलिक फोनवर बोलत होता. "व्हय शेठ, धुतलं समदं... न्हाली, डोक्याला गुंडाळलं होतं... बाजारात चाललेत, लोकर घेऊन... दोघीबी." मग तो गप्प झाला. पलीकडून कोणी काय म्हणालं ते बानाबाईला ऐकू आलं नाही, पण किक मारल्याचा आवाज आला.

"मागं बघू नको," ती पोरीला म्हणाली. डांबरी रस्ता अजून लांब होता. गाडीचा आवाज जवळ येत गेला. बानाबाईने मनात देवाला हाक मारली, आणि खोटं कशाला बोला, शिव्याही घातल्या, कारण त्याच्याच नावाने हे सगळं झाकलं गेलं होतं.

तेवढ्यात मेंढरांचा आवाज उठला.

मल्हारीने कळप गाडीच्या आडवा रस्त्यावर आणला होता. चाळीस मेंढरं दोन कुंपणांच्या मधल्या त्या अरुंद कच्च्या वाटेवर काठापासून काठापर्यंत पसरली आणि तो त्यांच्या मध्ये काठी टेकवून, घोंगडी खांद्यावर टाकून उभा राहिला. पुंडलिक हॉर्न वाजवत होता, ओरडत होता. मेंढरं हॉर्नला बुजून एकमेकांत शिरतात, वाट सोडत नाहीत. एवढं साधं त्याला माहीत नव्हतं. मल्हारीला माहीत होतं. शेडकडून, पुंडलिकच्या मागून आलेला टेम्पोही तिथेच अडला आणि त्यातून खंडेराव उतरून हात नाचवायला लागला. मल्हारीने त्याला जाब दिला नाही. तोंडातून शब्द काढायचा नाही असंच ठरलं होतं ना?

डांबरी रस्त्यावर सहा सीटर रिक्षा मिळाली.

दवाखान्याच्या दारात सत्यभामाबाई होती. आतल्या पोलीस चौकीतला हवालदार पत्ता ऐकून म्हणाला, "ते आमच्या हद्दीत येत नाय. तिकडच्या ठाण्यात जा."  तिकडच्या ठाण्यासमोरच शेठचा मोठा फलक होता. पण सत्यभामाबाई बाकावर ऐसपैस बसली.

"साहेब, हद्द तुमी मागून बघा. आधी शून्य नंबरनं लिहून घ्या आन् मग पाठवा तिकडं. असा गुन्हा लिहून घ्यायला नाय म्हणलं तर नाय म्हणणाऱ्यावरच गुन्हा होतो. बाई अधिकारी बोलवा. तवर आमी डॉक्टरीणबाईकडं जातो."

हवालदाराने तिच्याकडे बघितलं, मग फोन उचलला.

डॉक्टरीण तरुण होती. प्रत्येक गोष्टीआधी ती अक्षदाला विचारायची, हे करू का, नको असेल तर नाही म्हण, कधीही थांबव. कागदाचं पुडकं तिने हातमोजे घालून घेतलं, लाखेचं सील लावलं. फौजदार बाई आली ती साध्या साडीत. तिने आईला बाहेर बसायचं का आत, हेसुद्धा पोरीलाच विचारलं. अक्षदा म्हणाली, आत. लिहून झाल्यावर बाईने जबाब वाचून दाखवला. एका ठिकाणी अक्षदाने हात वर केला.

"इथं 'फूस लावून' लिहिलंय. फूस नाय लावली. मी पाणी मागाया गेले होते. त्यानं दार लावलं."

फौजदार बाईने ते खोडून नीट लिहिलं. पुढचंही सांगितलं. मॅजिस्ट्रेटसमोर एकदा बोलावं लागेल, तेव्हा तिथे पोलीस नसतील. वकील सरकारी मिळेल, फुकट. जबाबाची प्रत आजच हातात, नाव कुठे छापून येणार नाही. सखी केंद्रात, बायकांच्या सरकारी आसऱ्यात, काही दिवस राहता येईल. आणि मग खरं तेही सांगितलं, की पुढचे महिने सोपे नसतील, शेठची माणसं येतील, आधी गोड बोलतील. "वडील काही सांगतील का? पंचाने दबाव आणला ते?"

 तेवढ्यात बानाबाईच्या हातातला मोबाइल वाजला. मल्हारी होता, कोणाच्या तरी फोनवरून. मागे मेंढरं ओरडत होती.

"पिंपं उलटी केली त्यांनी," तो म्हणाला. "थेंब ठेवला नाय. खोलीला कुलूप घातलं. मी मेंढरं घेऊन रस्त्यानं निघालोय. खंडेराव म्हणतो, भंडारा मोडला तर कळप जाईल." श्वास लागला होता त्याला. "पोरगी हाय का तिथं?"

बानाबाईने फोन अक्षदाच्या कानाला लावला. 

"मी तुला विचारलं नाय, पोरी," तो म्हणाला. "पाच पावलांवर होतीस. विचारलं नाय."

 फोन अक्षदाने हळूच फौजदार बाईच्या हातात दिला, आणि बाईने आपण कोण ते सांगून तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. खोलीत सगळ्यांना ऐकू आलं.

"मल्हारी बोलतो, मॅडम. कळप गेला तर जाऊ द्या. लिवा. सोमवारी सकाळी माझा चुलतभाऊ खंडेराव घरी आला..."

तो सांगत होता आणि बाई लिहीत होती. डॉक्टरीणने दारातून अक्षदाला खूण केली. नर्सने बाजूच्या न्हाणीत गरम पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या होत्या, वर नळही होता.

"आता करू का?" अक्षदाने विचारलं.

"आता कर. हवी तेवढी."

न्हाणीचं दार लागलं. बानाबाई बाहेर भिंतीला टेकून खाली बसली. आत पाणी पडायला लागलं, एक तांब्या, दुसरा, मग नळ सुटला आणि सुटलेलाच राहिला. पाण्याखालून पोरीच्या रडण्याचा आवाज येत होता. तीन वर्षं बानाबाई तिसऱ्या तांब्याला दारातून ओरडत आली होती, पुरे, पोरी, पाणी पुरे. आज बादल्या संपल्या, नळ वाहत राहिला, पाणी दाराच्या फटीतून बाहेर येऊन तिच्या लुगड्याचा काठ भिजला, तरी ती काही बोलली नाही.